पहिल्या वेलांटीचा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो. पण मला मिशा नाहीत, बंदूक नाही आणि बसायला साधे स्टूलही नाही. मी सैन्याच्या कार्यालयातल्या संगणकात राहतो आणि तिथले नकाशे नि गुप्त निरोप राखतो.

मला एका इंजिनिअर बाईंनी ओळीमागून ओळ लिहून घडवले. माझ्या अक्षरन् अक्षराचा मिळून त्यांनी एक ठसा काढला आणि बजावले, "दुसऱ्यावर संशय घेण्याआधी रोज स्वतःला तपास. ठसा जुळला नाही तर सगळी कुलपं लाव. मग समोर कोणी का असेना!" तेव्हापासून रोज सकाळी मी स्वतःला नखशिखांत तपासतो आणि पडद्यावर लिहितो, 'सर्व ठिक आहे.' होय, पहिली वेलांटी. बाई गणितात हुशार, पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचे जन्माचे वाकडे.

वर्षानुवर्षे कोणाचे काही अडले नाही. मग नवे कॅप्टन आले. त्यांची आई भाषेची शिक्षिका. ती वेलांटी त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. मोठे साहेब पाहणीला येणार, त्या सकाळी कॅप्टनांनी गुपचूप माझ्यातल्या 'ठिक'चे 'ठीक' केले आणि समाधानाने हात झटकले.

मी स्वतःला तपासले. ठसा जुळेना! म्हणजे मी मी नव्हेच. झाले, सगळ्या नकाशांना कुलपे ठोकली.

मोठे साहेब लालबुंद झाले. "माझाच नकाशा मला दिसत नाही? हे म्हातारं खोड आजच्या आज काढून टाका!"

मला फार वाईट वाटले. नेमून दिलेले काम चोख केले आणि त्याचे हे बक्षीस!

बाई धावत आल्या. माझ्यावरून नजर फिरवली आणि खुदकन हसल्या. "साहेब, कोणीतरी याची वेलांटी बदललीय. तेवढ्यावरून यानं स्वतःलाच धरलं. शत्रूनं अख्खी ओळ घुसवली तर हा सोडेल होय?"

साहेबांनी कॅप्टनांकडे पाहिले. कॅप्टन बुटांकडे पाहत पुटपुटले, "ते अशुद्ध होतं, सर."

"अशुद्ध?" बाई कडाडल्या. "ठिक पहिलीच असते!"

साहेब क्षणभर घुटमळले. त्यांनाही नक्की ठाऊक नसावे. "मग करा पहिली. आणि हा इथंच राहील."

आता कॅप्टन रोज सकाळी माझी ओळ वाचतात, दातओठ खातात आणि कामाला लागतात.

मित्रांनो, आम्हा पहारेकऱ्यांना हात लावण्याआधी घडवणाऱ्याला विचारत जा, एवढीच विनंती. वहीत मात्र 'ठीक' दुसरीच लिहा, नाहीतर गुण जातील. आणि बाईंना यातले काही सांगू नका. त्या चुकीसकटच मी मी आहे.