व्हरांड्यातला चोर

त्या दिवशी सूनबाई वर्गात शिरली ती अभ्यास सोडायचा हे ठरवूनच. गुन्हेशास्त्र शिकायची हौस तिची, आणि रोज व्हरांड्यातल्या बाकावर छकुलीला मांडीवर घेऊन ताटकळायचं सासूबाईंनी! लेकरू अंगावर पिणारं, घरी ठेवायची सोय नाही. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायचे, त्या मात्र कधी नाही. तास संपला की बाईंना सांगून मोकळं व्हायचं.

बाई फळ्याशी उभ्या होत्या. "गुन्हा का घडतो, आणि आपण गुन्हेगार कुणाला म्हणतो..." एवढ्यात दार धाडकन उघडलं. कुणीतरी आत घुसलं, टेबलावरची पर्स उचलली आणि पसार!

वर्गात एकच गलका. बाई मात्र शांत. "बसा. चोर कसा होता ते लिहा."

सूनबाईनं छातीठोकपणे लिहिलं: तिशीतला पुरुष, धिप्पाड, खाकी कोट, नजर क्रूर. बाईंनी सगळ्यांचे कागद मोठ्यानं वाचले; बाकीच्यांचंही साधारण तेच. एकानं तर मिशाही चिकटवल्या.

"या हो, चोर!" बाईंनी हाक मारली.

दारात रखवालदाराचा कोट नि टोपी घालून सासूबाई! मागे रखवालदार, त्याच्या कडेवर छकुली.

वर्गाची हसून मुरकुंडी वळली. बाई म्हणाल्या, "चोर दिसण्याआधीच त्याचा चेहरा आपल्या डोक्यात तयार असतो. त्या चेहऱ्यापायी निरपराध माणसं तुरुंगात जातात. म्हणून हा विषय शिकायचा."

तास सुटल्यावर सूनबाई बाकाशी आली. "आई, हे काय हो?"

"बाई काल म्हणाल्या, चोरी कराल का? म्हटलं, करते. बसून बसून गुडघे गंजले. पण मला मिशा कुणी गं दिल्या?"

"मी नाही. मी नुसतं धिप्पाड लिहिलं."

"जन्मात कुणी म्हटलं नव्हतं!"

सूनबाईला हसू फुटलं, मग डोळेच भरून आले. "मी आज सोडणार होते, आई. तुमचे हाल बघवत नाहीत."

"कळलंय मला. सकाळपासून तोंड बघतेय तुझं. घरातलं माणूस ओळखता येईना, नि निघाली शिक्षण सोडायला! आधी तेवढं तरी शीक."

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं येताना काखेत जाड उशी आणली. ती बाकावर ठेवून सासूबाईंना बसवलं आणि त्यांच्याकडे नीट बघून घेतलं: ठेंगणी चण, कानामागे पांढरी बट, उजवा गुडघा आखडलेला, नजर मऊ. मग ती वर्गात गेली.