सी मायनरची शिकवणी

नोकर ठेवताना उमरावीणबाई पहिला प्रश्न विचारायच्या, वाजवता काय येतं? बोहेमियातल्या बड्या घरांची ही रीतच. स्वयंपाक्याला व्हायोलिन यायला हवं, घोडेवाल्याला तुतारी. रोझिना बाईसाहेबांचे केस विंचरणारी दासी, पण पियानो असा वाजवायची की पाहुण्यांचे घास हातात राहायचे. म्हणून तिच्या बोटांना चुलीची राख लागू देत नसत. बोटं सोडून उरलेली रोझिना मात्र कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

तिला गावच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्याशी, इग्नाट्सशी, लग्न करायचं होतं. पण मालकांच्या सहीचा कागद मिळाल्याशिवाय प्रजेला लग्न करता येत नसे. गुरंढोरं तरी विचारून जोडी जमवतात का? माणसांना मात्र विचारावं लागे. तीन वर्षं तिनं विनवण्या केल्या. शेवटी बाईसाहेबांनी सांगितलं, माझ्या धाकट्या लेकीला, आन्तोनियाला, पियानोवर तो व्हिएन्नाचा नवा सोनाटा शिकव. वरपक्षाची पसंती आली की तुझ्या कागदावर सही.

सोनाटा सी मायनरमधला, म्हणजे उदास स्वरातला, सुरुवातच कुणी दार ठोठावल्यासारखी. पुढे मेजरमध्ये एक हसरी धून यायची, तेवढीच आन्तोनिया हौसेनं वाजवायची. शेवटाकडे तीच धून परत यायची, पण मायनरमध्ये. चाल तीच, चेहरा उतरलेला.

"मघाशी हसत होती ना ही? आता काय झालं हिला?"

"मघाशी बाहेर होती, ताईसाहेब. आता घरी आणलीय. घरच्या स्वरातच संपवायचं, असा नियम आहे."

"भिकार नियम."

"असेल. परत वाजवा."

सबंध हिवाळा रोझिनानं त्या पोरीकडून घोटून घेतलं. तिथं रडायचं नाही, हात ढिला सोडायचा नाही, सरळ चालत जायचं, ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. आपल्याला कळलेलं सगळं तिनं देऊन टाकलं, हातचं काही राखलं नाही. चुकली ती इथंच.

शेजारच्या मोराव्हिया प्रांतातून वराची आई आली. आन्तोनियानं असं वाजवलं की म्हातारीनं कॉफीचा पेला खाली ठेवला. तिथल्या तिथं लग्न ठरलं. मग म्हातारीनं विचारलं, शिकवलं कुणी? बाईसाहेबांनी भिंतीपाशी उभ्या रोझिनाकडे बोट दाखवलं. म्हातारी म्हणाली, मग ही नवरीबरोबर आमच्याकडे यायला हवी.

"आंदणातच धरा की," बाईसाहेब म्हणाल्या.

दिवाणखान्यात दासीनं बोलायचं नसतं. रोझिना बोलली.

"बाईसाहेब, माझा कागद?"

"कसला कागद? मोराव्हियात ऑर्गनवाल्यांचा दुष्काळ पडलाय का गं?"

सगळे हसले. आन्तोनिया धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. बरं झालं ना रोझिना, तिकडे एकटीला मला करमलंच नसतं. त्या पोरीच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. तिला ढकलून तरी कसं द्यायचं?

तेवढ्यात म्हातारीनं फर्मावलं, आता तू काहीतरी हलकंफुलकं वाजव. रोझिना बसली. ही बोटं नकोशी झाली तर कदाचित सुटू, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता. तिनं एक साधा नाच घेतला आणि ठरवून त्याची माती केली. ताल सोडला, भलत्याच पट्ट्या दाबल्या, डावा हात उजव्याच्या पुढे पळवला. बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला.

म्हातारी शांतपणे पेल्यात साखर ढवळत राहिली.

"असू द्या," ती म्हणाली. "आंदणात आलेल्या सगळ्याच पहिल्या वर्षी असं करतात."