बोटीवर शिजलेला स्टू

मुलांनो, जरा कल्पना करा. रविवारची पहाट आहे. समुद्रावरचा वारा खिडक्या खडखडवतोय, घर झोपलंय, आणि तुम्ही एकटेच स्वयंपाकघरात कांदा चिरताय. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण हसू काही आवरत नाही. कारण आजचं जेवण तुम्ही रांधणार आहात.

मुरिनचं अगदी तसंच झालं होतं. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, बंदरावरच्या चढावर तिचं घर. तिचे बाबा मासेमारीच्या बोटीवर. आज बोट मासळी उतरवायला धक्क्याला लागणार होती, आणि मधल्या वेळात बाबा घरी येऊन जेवणार होते. आई इस्पितळात कामावर. तेव्हा मुरिनने बाबांना फोनवरच सांगून टाकलं होतं, की या खेपेला स्टू मी करणार.

तिच्याकडे आईचा स्लो कुकर होता. जाड, जड, विजेवर चालणारं भांडं. सकाळी लावावं आणि विसरून जावं. मुरिनने तळाला बटाटे रचले, कारण आच तळाशी जास्त, आणि बटाटा मटणाहून हट्टी. त्यावर गाजर, कांदा, मग मटण, मूठभर बार्लीचे, म्हणजे जवाचे दाणे, मीठ, पाणी. झाकण लावलं, बटण दाबलं.

आजोबा उठून आले आणि काचेच्या झाकणातून डोकावले. म्हणाले, "गाजर? माझ्या आईने स्टूत गाजर पाहिलं असतं ना, तर भांडं गाईपुढे ठेवलं असतं."

"मग तुम्ही गाईबरोबर जेवा," मुरिन म्हणाली.

चर्चला जायची वेळ झाली तोवर घरभर वास सुटला होता. मुरिन अंगणात जाऊन उभीही राहिली. आजोबा मात्र नेहमीप्रमाणे मागे राहिले. देवाच्या घरी जाताना आपलं घर पेटायला नको, म्हणून त्या गावातला कोणताही म्हातारा करतो तेच त्यांनी केलं. खोल्याखोल्यांतून फिरून भिंतीवरचं एकेक बटण खट्‌कन बंद केलं. किटलीचं, टोस्टरचं, दिव्याचं. हात सवयीने चालत होता. मग दारापाशी पवित्र पाण्याचं बोट कपाळाला लावून ते समाधानाने बाहेर पडले.

प्रार्थना संपली, तर चर्चच्या फाटकाशी रबरी बूट घालून बाबाच उभे. मुरिनने धावत जाऊन मिठी मारली. ते म्हणाले, की वारा फिरतोय, कप्तान भरतीबरोबरच निघणार, तेव्हा चहापुरताच वेळ आहे. मुरिन म्हणाली, "चहा कशाला? जेवण तयार आहे." आणि ती पुढे पळत सुटली.

दार उघडलं. वास होता, पण शिळा. भांड्यावरचा लाल दिवा विझलेला. झाकण नुसतं कोमट. तिने बटाट्यात काटा खुपसला, तो आत जाईना.

आजोबा दारात येऊन थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. "सगळी बटणं बंद केली गं," ते हळूच म्हणाले.

"सगळी," मुरिन म्हणाली.

बाबांनी चमचा उचलला. कच्चं तर कच्चं, लेकीच्या हातचं आहे, म्हणाले. मुरिनने चमचा काढून घेतला. अर्धवट शिजलेलं मटण खायचं नसतं, हे तिला आईने बजावलं होतं. आणि तिला बाबांना दाताखाली करकरणारा बटाटा खिलवायचा नव्हता.

पण चहा उकळत असताना तिने एकदम विचारलं, "बाबा, बोटीवर भिंतीला वीज आहे?"

"आहे की."

"आणि चूल?"

"आहे. पण लाटांत भांडं वेडंवाकडं होतं, आणि जाळं ओढताना लक्ष कोण ठेवणार?"

"याच्यावर कुणाला लक्ष ठेवायला लागतच नाही," मुरिन स्लो कुकरवर थाप मारत म्हणाली.

बाबा हसायलाच लागले. मग काय धांदल उडाली! मुरिनने स्टू मोठ्या पातेल्यात ओतून गॅसवर खळखळून उकळवला, कारण कोमट मटणावर विसंबता येत नाही. पुन्हा भांड्यात भरून झाकण सुतळीने घट्ट बांधलं. आजोबांनी न सांगता परसातली एकचाकी हातगाडी आणली, आत दोन जुने टॉवेल अंथरले. उतारावर गाडी बाबांनी धरली आणि आजोबा पुढे पळत लोकांना बाजूला करत सुटले, जणू गाडीत राणीच बसलीय. कुणी विचारलं, काय नेताय, तर म्हणाले, "गाजर घातलेला स्टू. नातीने केलाय. सरका."

धक्क्यावर बोटीचं इंजिन धडधडत होतं, दोर सुटायला आले होते. बाबा उडी मारून आत गेले आणि हात पुढे केले. "दे इकडे."

मुरिनने भांडं दिलं नाही. ते छातीशी कवटाळून, फळीवर एक पाय टाकून, ती स्वतःच बोटीत चढली, थेट खालच्या छोट्या स्वयंपाकघरात गेली आणि भांड्याची वायर लावायला भिंतीवर बटण शोधू लागली.