माळ्यावर टाकलेला भाताचा टोप

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा टोप आहे. कडेला पोचा आलेला, बुडाशी काळा पडलेला. पण माझ्यातला भात अजूनही मोकळा होतो. नम्रपणाची अपेक्षा माझ्याकडून करू नका. कांजूरमार्गच्या चाळीतलं हे घर मी पोसलं आहे. आता हे घर चालवते ती प्रेमा. तिचे सासरे गिरणीत होते, तेव्हा पाळी संपवून आलेली गावची माणसं माझ्यातलाच भात जेवून तृप्त व्हायची.

यंदा मात्र प्रेमाची मुलगी जान्हवी माझ्यावर रुसली. ती कबड्डी खेळते. मुलींच्या गटात खेळायचं तर ठरलेल्या वजनात बसावं लागतं, आणि निवड चाचणी जवळ आली होती. वजन जास्त भरलं आणि खापर माझ्यावर फुटलं.

"आई, भात बंद. तो टोप नजरेसमोरसुद्धा नको," असं म्हणून तिने मला माळ्यावर फुटक्या बादलीशेजारी टाकलं. भात शिजवला, एवढाच माझा गुन्हा.

माळ्यावरून मला सगळं दिसत होतं. सकाळी काकडी खाऊन धावणं, संध्याकाळी सराव, घरी आल्यावर दोरीच्या उड्या. वजन उतरलं, हे खरं. पण पोरीचा चेहराही उतरला. बुटाची नाडी सोडतानाही तिला दम लागायचा. थकवा आला की तिला वाटायचं, आपण आळशी झालो. मग दुसऱ्या दिवशी ती आणखी धावायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

एके संध्याकाळी तिच्या प्रशिक्षक नेत्राताई तिला धरूनच घरी घेऊन आल्या. चढाईला गेली आणि मैदानातच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"जेवतेस काय तू?" नेत्राताईंनी विचारलं.

"काकडी. आणि ताक."

"वेडी आहेस का गं? एवढी धावतेस, मग अंगात ताकद येणार कुठून? उद्या आधी डॉक्टरांना दाखवून ये."

"पण ताई, थोडंच वजन राहिलंय ना."

प्रेमाने लगेच स्टूल ओढलं, मला खाली काढलं, खसाखसा घासलं आणि उकड्या तांदळाची पेज शिजत ठेवली.

"आधी पेज जेव," ती लेकीला म्हणाली. "मगे काय ता खेळ."

जान्हवीने वाटीतली पेज आधी चमच्याने नुसती ढवळली. मग जेवली, आणि आणखी मागितली.

"नाही बसले मुलींच्या गटात तर नाही," ती म्हणाली. "मी महिला गटातून चाचणी देणार. तिथे वजनाची मर्यादा जास्त आहे."

"त्या बायका तुला धरून आपटतील," नेत्राताई म्हणाल्या.

"आपटू दे. उठायची ताकद तरी असेल."

मित्रांनो, तिची निवड होईल की नाही, मला ठाऊक नाही. आपली कहाणी सांगणारी माझ्यासारखी भांडीकुंडी शेवटी हात जोडून विनवणी करतात. मी करणार नाही, बजावून सांगणार आहे. वजन उतरवा, धावा, घाम गाळा. पण अंग थकलं म्हणून सांगतं, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. पोटात काय गेलंय ते आधी बघा. आणि या घरातल्या कुणी उपाशी राहण्यासाठी मला पुन्हा वर टाकलं, तर मी असा खणखणत खाली येईन की सगळी चाळ गोळा होईल.