बारा दिवसांचं गवत

"ओ कुरिअरवाले! कडेने, कडेने जा! बी पेरलंय तिथं, दिसत नाही?"

धाकूचा आवाज आताशा लगेच बसायचा. कुरिअरवाला दचकून दोरीपासून मागे सरला आणि फरशीच्या चिंचोळ्या पट्टीवरून जिन्याकडे गेला. धाकूने पुन्हा झारी उचलली. पाइपाचं पाणी जोरात पडून बी वाहून जातं, म्हणून तो बारा दिवस झारीनेच पाणी घालत होता. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास झाऱ्या. गुडघे आता वाकताना कुरकुरत आणि उठताना तर नकोच म्हणत.

बोरीवलीच्या या सोसायटीत माळीकाम करून त्याला बावीस वर्षं झाली होती. गेल्या साली आणलेलं तयार गवत पावसात कुजलं, तेव्हा सेक्रेटरी मिहिर म्हणाला होता, "काका, आता एजन्सीलाच देऊन टाकू सगळं." धाकूने कधी नव्हे तो हट्ट धरला. "एकदा बी पेरून बघूया. माझ्या हाताने पेरतो. नाही उगवलं तर द्या कोणालाही." कमिटीने मान्य केलं होतं, पण शेवटची संधी म्हणून.

दसऱ्यानंतर त्याने माती भुसभुशीत केली, वाळूत मिसळून बी टाकलं, चारी बाजूंनी दोरी बांधली. पोरांचं क्रिकेट बंद झालं आणि लोक नाकं मुरडू लागले. त्याच्या बाजूने होत्या त्या फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई. ऐंशी वर्षांच्या, त्याच्याच कणकवली तालुक्यातल्या. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि कबुतरं उतरली की टाळ्या वाजवायच्या. "धाकू, इले रे मेले!" त्यांची हाक आली की धाकू फडकं घेऊन धावायचा.

दहाव्या दिवशी नखाएवढे कोंब दिसले. त्या वरून म्हणाल्या, "माका कायच दिसना नाय."

"उद्या दिसतलां, बाय," धाकू म्हणाला.

आज गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. दहाच्या सुमाराला मिहिर धापा टाकत खाली आला. शांताबाई पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

धाकूने झारी खाली ठेवली. 

दुपारपर्यंत माणसं जमली. लिफ्ट लहान, जिना अरुंद, त्यामुळे तिरडी खालीच बांधावी लागणार होती. समोरचं अंगण गटाराच्या कामासाठी खणलेलं, फाटकापर्यंत जायला नुसती फळी टाकलेली. मिहिर सगळीकडे बघून आला आणि शांताबाईंच्या मुलीजवळ, मानसीजवळ जाऊन हलकेच म्हणाला, "ताई, मागच्या बाजूला जागा आहे थोडी. कचऱ्याचे डबे हलवतो आपण."

मानसीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "डब्यांपाशी? आईला?"

"इकडे लॉन आहे ना... कमिटीने सगळ्यांना ताकीद दिलीय. मी एकटा कसं—"

त्याचं बोलणं संपायच्या आत धाकू दोरीची गाठ सोडायला लागला. पाण्याने ती घट्ट आवळली होती. त्याने ती दाताने सोडवली.

"काका, वाट लागेल सगळ्याची," मिहिर जवळ येऊन म्हणाला. "रविवारी मीटिंग आहे. मी काय सांगू तिकडे?"

"धाकूने सोडली म्हणून सांगा."

"एजन्सीला देतील मग."

"देऊ देत." त्याने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. "बाईंना हयच ठेवा. मधोमध. सावली आसा तिथं."

चादरीच्या झोळीतून शांताबाईंना खाली आणलं. बांबू आले, सुतळी आली. बायकांनी काठावर चपला काढल्या आणि अनवाणी आत आल्या, पण चाळीस-पन्नास माणसांचे पाय शेवटी पायच. कोणी वाकलं, कोणी गुडघ्यावर बसलं, पाणी सांडलं. स्मशानात न जाणाऱ्या बायकांनी एकेक करून बाईंचं तोंड पाहून घेतलं. धाकू पायांकडे बघत नव्हता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पुढे होऊन फूल वाहिलं आणि तो मागे सरला.

सगळे गेल्यावर खाली चिखल उरला. कोपऱ्यात थोडे कोंब उभे होते, बाकीचे मातीत दाबले गेले होते. संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती. धाकूने खुरपं घेतलं, उकिडवा बसून एका पावलाची घट्ट माती मोकळी केली, मग दुसऱ्याची. तिसऱ्यापाशी गुडघा वळेना. तो तिथेच बसला, फतकल मारून.

मानसी जिना उतरून आली. हातात चहाची कपबशी होती. "आमच्याकडे गॅस नाही पेटवलेला. शेजारच्या निधीने केलाय. घ्या."

"तुम्ही घेतलात?"

"नाही जात घशाखाली." ती आजूबाजूला बघत राहिली. "काका, परत पेरता येईल ना?"

"बी संपलां." त्याने मातीचे हात लुंगीला पुसले आणि कपबशी घेतली. "आणि आता कोण पेरतलो, काय ठाऊक."

 साडी सावरून मानसीही त्याच्या शेजारी ओल्या मातीत बसली. धाकूने अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे केला. तिने बशी दोन्ही हातांनी धरली आणि थोड्या वेळाने एक घोट घेतला.