ताईतवाला गोलरक्षक

२००६ सालच्या हिवाळ्यात जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली मराठी मंडळी दर शनिवारी आइस हॉकी बघायला जमू लागली. चेंडूऐवजी रबरी चकती असते, यापलीकडे खेळ कुणालाच कळत नव्हता. सगळे बघायला येत ते गोलरक्षक मल्हारच्या गळ्यातला ताईत. दिवाळीपर्यंत तो सामन्याला चार गोल खायचा. मग मंडळींतल्या शशिकांत महाराजांनी ताईत बांधला आणि गोल एकावर आले.

"व्हायब्रेशनमुळे चकती वाट बदलते," महाराज सांगत. "शुद्ध सायन्स!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मंडळी माना डोलवत. त्यांतले निम्मे मोटारीच्या कारखान्यात दर हजारी किती भाग नापास होतात, ते मोजणारे इंजिनिअर होते.

मल्हारची आई विभावरीबाई दिवाळीलाच पुण्याहून आल्या होत्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. ताईताबद्दल त्या गप्पच होत्या. पण एका शनिवारी महाराज त्यांच्या नातीकडे, उर्जाकडे वळले.

"हिलाही बांधू. मात्र दम्याचा पंप आजपासून बंद. दोन शक्ती एकत्र नांदत नाहीत."

सून निधीने पर्समधून पंप काढून त्यांच्यापुढे धरलासुद्धा.

"थांब गं," विभावरीबाई म्हणाल्या. "महाराज, आधी चार गोल, आता एक. पण किती फटक्यांपैकी?"

"अहो आई, फटके कोण मोजतं?" निधी कुजबुजली.

"प्रशिक्षक मोजत असेल. उर्जा, विचार बरं."

उर्जाने जर्मनमध्ये विचारलं. दिवाळीआधी सामन्याला चाळीसेक फटके यायचे. आता जेमतेम दहा. दिवाळीनंतर संघात दोन धिप्पाड बचावपटू आले होते. ते चकती मल्हारपर्यंत पोचूच देत नव्हते.

"मग आज त्या दोघांना बाहेर बसवा," बाई म्हणाल्या. "ताईत राहू दे."

"खुशाल बसवा!" महाराज गरजले. "कवचाला मदतनीस लागत नाहीत!"

सामना मैत्रीचा होता, प्रशिक्षक कबूल झाला. मंडळी मोठ्याने फटके मोजू लागली. अडतीस फटके, चार गोल.

"कुणाच्या तरी मनात शंका होती," महाराज म्हणाले.

"माझ्या. पहिल्या दिवसापासून," विभावरीबाई म्हणाल्या. "मग इतके दिवस कसं चाललं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई निधीला शाळेतल्यासारखं समजावू लागल्या. "चाळीसांत चार काय, दहात एक काय, दहातले नऊ अडवलेच ना त्याने? मल्हार आधीही चांगला होता. समोरून येणारे फटके कमी झाले, इतकंच."

निधीने पंप पर्समध्ये परत ठेवला.

महाराज पुढे ब्राउनश्वाइगला गेले, तिथे परीक्षांचे ताईत बांधू लागले. मल्हार गुडघा साथ देईतो खेळला. निधी आता औषधाच्या जाहिरातीलाही प्रश्न विचारते. विभावरीबाई पुण्यात शांतपणे गेल्या. उर्जाचा पंप बंद झाला, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर, चौदाव्या वर्षी.

कुणी चमत्काराचा आकडा सांगितला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: कितीपैकी?