कागदावर मारायच्या गोळ्या

"कुठली गोळी होती?" ऑर्फाआत्यांनी विचारलं.

"मऊ," वेंडेल म्हणाला.

एवढंच. एक शब्द. तोंडातून निघाला, थंडीत त्याची वाफ झाली, वाफही विरली. आत्यांनी मान हलवली आणि बर्फावर पडलेल्या रक्ताच्या दोन थेंबांकडे बघत बसल्या.

मऊ नव्हती.

*

ऑर्फाआत्या म्हणजे त्याच्या बायकोच्या आत्या. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात नाताळ संपला, की चकमकीच्या बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम सुरू होतो, आणि त्या बंदुकीची गोळी विकत आणणाऱ्याला आत्या माणसात धरत नाहीत. दारू ठासायची, वर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठासायची. ती गोळी घरी ओतलेली हवी. सत्तरी उलटली तरी त्यांच्या गॅरेजमधलं लोखंडी भांडं थंड पडलेलं नाही.

यंदाच्या पानगळीपासून वेंडेल त्यांच्याकडे शिकायला जायचा. जुन्या छपरांवरून उतरवलेलं शिसं, अंगठ्याच्या नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. ते वितळवायचं, मेणाचा तुकडा टाकून मळी वर आणायची, काढायची, मग पळीनं साच्यात धार सोडायची. वेंडेलचा साचा कधी पुरेसा तापलेला नसे, कधी हात अडखळे. साचा उघडला की आतून सुरकुतलेलं काहीतरी पडे.

"मनुके!" आत्या ओरडायच्या. "अरे, हरणाला मारायचंय की खाऊ घालायचंय?"

आणि चिमट्यानं उचलून सगळे मनुके परत भांड्यात. वेंडेल हसायचा. घरी जाताना गाडीत हसायचा नाही.

मग त्यानं एका टायरवाल्याकडून गाड्यांच्या चाकांना लावायची जुनी वजनं बादलीभर आणली. त्या शिशात अँटिमनी हा कडक करणारा धातू मिसळलेला असतो. असं शिसं साच्यात छान भरतं. घरीच ओतलं. गोळ्या निघाल्या त्या आरशासारख्या, एकही सुरकुती नाही. ओट्यावर टाकली की टण्ण वाजायची.

आत्यांनी एक उचलली. नख दाबलं. नख घसरलं.

"दिसायला झकास आहे," त्या म्हणाल्या. "निशाणाच्या कागदावर मार हवी तितकी. जनावरावर नको. मऊ गोळी आत जाऊन पसरते, जनावर तिथल्या तिथं बसतं. ही सुईसारखी आरपार जाईल, आणि ते बिचारं डोंगरभर मरत फिरेल. कळलं?"

"कळलं."

कळलं होतंच. पण पिशवीत मऊ गोळ्या होत्या त्या सगळ्या आत्यांच्या हातच्या. त्याच्या स्वतःच्या फक्त या चकचकीत. आणि आयुष्यातलं पहिलं हरीण, चाळिशी उलटून गेल्यावर मिळणारं, दुसऱ्याच्या गोळीनं मारायचं? सकाळी गाडीच्या उजेडात त्यानं बंदूक ठासली तेव्हा आत्या पाठमोऱ्या, थर्मासमधून कॉफी ओतत होत्या. त्या पाठमोऱ्या होत्या म्हणूनच त्यानं

नको. ते त्याला आत्ता आठवायचं नव्हतं.

*

हरणाची मादी अंगाची बाजू दाखवत उभी होती. नेम खांद्यामागं. ठिणगी, धूर. धूर विरला तेव्हा जागा रिकामी. दोन थेंब रक्त, मग कळपाची मळलेली वाट. त्या वाटेवर शंभर खूर उमटलेले, त्यात तिचे कुठले ते ओळखू येईना. आणि वरून बर्फ भुरभुरायला लागलेलं.

"मऊ ना? मग इथंच असेल," म्हणत आत्या गोल फिरल्या. मग मोठा गोल. गुडघा दुखतोय हे त्या बोलत नव्हत्या, काठी बोलत होती. वेंडेल त्यांच्या मागोमाग झुडपं बाजूला करत होता, जिथं ती नाही हे त्याला ठाऊक होतं तिथंच वाकून बघत होता. वाकून बघणं त्याला चांगलं जमत होतं.

शेवटी आत्या थांबल्या.

"मऊ गोळी फुप्फुसात गेली असती तर इथं रक्ताचा सडा पडला असता. तू चुकलास रे. छातीखालची कातडी चाटून गेलीय. जगेल ती, आठवड्यात बरी होईल. तोंड पाडू नकोस, माझ्याही पहिल्या चार हुकल्या होत्या. चल घरी. डुकराचं मटण आहे, आंबट कोबी गरम करते."

जगेल ती.

किती सोपं होतं. नेम चुकला, नेम कुणाचाही चुकतो. वर्षभर आत्या चिडवतील, बायको हसेल, नाताळात सगळे पुन्हा हसतील. मागून चालत तो निघालासुद्धा.

"आत्या."

"काय रे?"

"काही नाही."

पावलं. काठी. पावलं. बर्फ आता दाट पडत होतं, मागं वळून बघितलं तर त्यांचेच ठसे बुजत चाललेले.

"आत्या, मऊ नव्हती."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"ती? चकाचक?"

"हो."

"आणि नेम?"

"चुकला नाही. खांद्यामागंच लागलीय. मी बघितलं."

"आणि हे तू मला केव्हा सांगणार होतास? ताटात कोबी वाढल्यावर?"

"तुम्ही म्हणाला असतात की..."

"मी काय म्हणाले असते ते राहू दे. तिला काय झालंय ते बोल." आता त्या वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती; रागापेक्षा ते वाईट. "उतारानं चल. असं जनावर चढ चढत नाही, पाण्याकडे जातं. मला हात दे. अरे, दे ना!"

उतार त्यांनी अर्धा चालत, अर्धा बसून घसरत काढला. ओढ्याच्या काठी लॉरेलच्या झुडपांची जाळी होती, माणूस उभ्यानं शिरणार नाही अशी. वेंडेल पोटावर आत गेला.

एका जागी बर्फ दबलेलं, मधे लाल फेस. पुढं तसंच दुसरं. तिसऱ्या जागी ती होती. मान लांब, पुढचे पाय पोटाखाली घेतलेले, उठायच्या बेतात असल्यासारखे. कातडीवरचं भोक करंगळीएवढं. पलीकडचंही तेवढंच.

"आहे का?" बाहेरून आत्या.

"आहे."

"जिवंत?"

त्यानं तळवा ठेवला. "नाही. गरम आहे पण."

आत्या वाकून डोकावल्या. मादीच्या अंगावर पडणारा प्रत्येक कण वितळत होता.

"आत्ताच गेली," त्या म्हणाल्या.

ती इथं मरत होती तेव्हा आपण वर कुठं वाकून बघत होतो, याचा हिशोब वेंडेलनं एकट्यानंच केला. तो गुडघ्यांवर होता, तसाच राहिला. तोंडातून "माफ कर" आलं, ते कुणाला हे त्याला सांगता आलं नसतं.

"कानाला चिठ्ठी बांध आधी," आत्या म्हणाल्या. "मग मी पाय धरते, तू ओढ."

त्यानं परवान्याची चिठ्ठी फाडली. जागा लिहिली. तारीख लिहिली. खालच्या रकान्यात, मारल्याची वेळ. पेन्सिल थांबली.

"आत्या, वेळ कुठली लिहू?"

आत्या ओढ्याकडे बघत होत्या.

"तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

वेंडेलनं बाही सारून घड्याळ बघितलं आणि आत्ताची वेळ लिहिली.